रेघकाकांचे मनगट

दुखण्यालाही पत असते. परांचीवरून पडून कंबर मोडली तर चार माणसे भेटायला येतात, येताना फळे आणतात, आणि पडलेला माणूसही जरा ऐटीतच सांगतो की दुसऱ्या मजल्यावरून पडलो. कारखान्यात बोट गेले तर निदान लोक हळहळतात तरी. पण साबणाच्या वडीएवढी एक वस्तू टेबलावर इकडून तिकडे सरकवून ज्याचा हात निकामी होत आला, त्याने कोणाला काय सांगावे? रेघकाकांनी कोणालाच काही सांगितले नाही. त्यामुळे जे झाले ते झाले.

रेघकाका हे त्यांचे नाव नव्हे, पण कचेरीत त्यांचे खरे नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होते. जमिनींचे नकाशे सांभाळणारी ती कचेरी. काका तिथे एकतीस वर्षे होते. पहिली अठरा वर्षे त्यांनी शाईच्या पेनाने नकाशे उतरवले, आणि त्यांची रेघ अशी की पट्टीने खाली मान घालावी. पुढे कॉम्प्युटर आले. तरुण मंडळींना वाटले, आता म्हातारा अडकणार. म्हातारा अडकला नाही. जुन्या नकाशाचा फोटो पडद्यावर घ्यायचा, हातातल्या माउसने बाण एकेका कोपऱ्यावर न्यायचा आणि क्लिक करायचे. चारी कोपरे झाले की घराची हद्द तयार. घर साधे असेल तर चार क्लिक. भावाभावांत वाटण्या झाल्या असतील तर चाळीस. दिवसाला चार हजार क्लिक सहज होत. काका ते अशा निगुतीने करत की पाहणाऱ्यालाच आपण घाई करतोय असे वाटावे.

आता हातात कळ यायला लागली तेव्हा काकांना पहिली आठवण झाली ती वडिलांची. वडील खाणीत दगड फोडायचे. त्यांचा तळवा पाठीवरून फिरला की सदऱ्याचा खरखर आवाज व्हायचा. जन्मभर त्यांनी हात दुखतो असा शब्द काढला नाही. थोरला भाऊ ट्रकवर माल चढवत म्हातारा झाला. चारचौघांत काकांची ओळख करून देताना तो अजूनही म्हणे, "हा आमचा धाकटा. याला घाम येतो तो फक्त उन्हाळ्यात." सगळे हसत, काकाही हसत. अशा घरातल्या माणसाने, पंख्याखाली खुर्चीत बसून, मऊ उशीला पाठ टेकवून माझा हात गेला म्हणायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. काकांना ते विचारानेच कानकोंडे व्हायला होई.

सुरुवातीला नुसत्या मुंग्या येत. मग करंगळीकडून कोपरापर्यंत एक तार ओढल्यासारखी कळ. मग एके दिवशी चहाचा कप हातातून सुटला. "कपाचा कानच ओला होता," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते डाव्या हाताने चहा पिऊ लागले. घरी काकूंनी बरणी उघडायला दिली तर, "झाकण फारच पक्कं बसवतेस गं तू," असे म्हणून त्यांनी ती परत सरकवली. काकूंनी ती एका पिळात उघडली आणि नवऱ्याकडे नुसते पाहिले. काकू घरीच शिवणकाम करत, शाळेचे गणवेश. बोलण्यापेक्षा बघणे त्यांना जास्त जमे.

शेवटी काका दवाखान्यात गेले, तेही कचेरीत दातांचे काम सांगून. ताकाला जाऊन भांडे लपवायचे ते असे. बाकावर शेजारी एक पत्रे बसवणारा होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याने आपुलकीने विचारले, "तुमचं काय झालं?"

"पडलो," काका म्हणाले.

"कुठून?"

"शिडीवरून."

"किती पायऱ्या?"

इथे माणसाने गप्प बसावे की नाही? पण खोटे बोलणाऱ्याला तपशिलाची हौस फार. "सात," काका म्हणाले.

"सात! आणि मनगटावर निभावलं? नशीब थोर तुमचं," असे म्हणून तो भला माणूस स्वतःच्या पडण्याची गोष्ट सांगू लागला. ती संपायच्या आत दार उघडून हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, "माउसनं मनगट दुखतंय ते काका कोण? या आत." पत्रेवाल्याने आपला प्लास्टरचा पाय जरा आत घेऊन वाट दिली, एवढेच. काका आत गेले तेव्हा त्यांचे कान तापले होते.

डॉक्टरीणबाईंनी हात दाबून, वळवून पाहिला आणि फारसा वेळ न घेता सांगितले की मनगटातल्या शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्या सुजल्या आहेत, तीच ती बारीक हालचाल वर्षानुवर्षे केल्याने सुजतात. माउस अंगाजवळ ठेवायचा, कोपर टेबलावर टेकलेले हवे, मनगट वर मोडायचे नाही. दर वीस मिनिटांनी हात सोडून उठायचे. काही दिवस आधाराचा पट्टा बांधायचा. "आणि ही चिठ्ठी साहेबांना द्या. सहा आठवडे हलकं काम आणि तळहात भरेल असा मोठा माउस. हे बरं होतं, काका. पण लपवलंत तर होत नाही."

काकांनी चिठ्ठीची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि तिथेच राहू दिली. पट्टा ते फक्त बसमध्ये बांधत. कचेरीचा थांबा आला की काढून डब्याच्या पिशवीत, डब्याखाली. दर वीस मिनिटांनी उठणेही दोन दिवसच चालले. तिसऱ्या दिवशी शिपायाने विचारले, "काका, पोट बिघडलंय का?" त्यानंतर ते खुर्चीतून हलेनात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबणाराही आपणच.

आणि मग त्यांनी ती युक्ती केली.

त्या कामात एक सोय असते. बाण एखाद्या जुन्या कोपऱ्याजवळ नेला की तो आपोआप त्या कोपऱ्यावर जाऊन बसतो, म्हणजे शेजारच्या दोन घरांची भिंत एकच राहते, मध्ये फट पडत नाही. बाण किती लांबून ओढला जावा हे आपण ठरवायचे. कचेरीत त्याला सगळे 'ओढ' म्हणत. ओढ एकवर ठेवायची हा नियम होता, आणि तो काकांनीच नव्या लोकांना शिकवला होता. एकवर ठेवली की बाण कोपऱ्यापर्यंत हाताने, जपून, केसाकेसाने न्यावा लागतो. काकांचा हात दुखायचा तो नेमका त्या शेवटच्या केसाला. त्यांनी ओढ तीनवर नेली. बरे वाटले. मग पाचवर. मग नऊवर. आता हात नुसता त्या दिशेला ढकलायचा, बाण आपला आपण कोपरा गाठायचा. कळ निम्मी झाली, कामाचा वेग दुप्पट झाला. साहेब म्हणाले, "काका, या वयात कमाल आहे!" काका लाजले. सगळ्यांना तो विनय वाटला.

नऊवरची ओढ मोठ्या शेतांना काही करत नाही. पण जिथे घरे दाटीने उभी असतात आणि मध्ये अरुंद बोळ असतात, तिथे बाण या भिंतीवर जायचा तो बोळ ओलांडून पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसतो. दोन रेघांची एक रेघ होते, बोळ नाहीसा होतो आणि पडद्यावर सगळे छान, नेटके दिसते. काकांना हे माहीत नव्हते असे नाही. पहिले काही दिवस ते दाट वस्ती आली की ओढ कमी करत. नंतर करीनासे झाले. कोणी तरी तपासेलच, असे ते स्वतःला सांगत.

तपासायला तपासनीस बाई होत्या. बारा वर्षे टेबलावर काढून त्यांना ती जागा मिळाली होती. दुसऱ्या कोणाचा नकाशा असला की त्या भिंग लावून बसत. काकांचा आला की हसून म्हणत, "रेघकाकांचं काम, इथे मी काय तपासणार?" आणि सही करत. काकांना दर सहीला आत काहीतरी टोचे. दोन महिन्यांत अशा त्रेसष्ट सह्या झाल्या.

मग एका दुपारी एक म्हातारा कचेरीत आला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा. त्याचे घर एका दाट वस्तीत मागच्या बाजूला होते आणि रस्त्यावर यायला एकच बोळ. पुढच्या घराच्या मालकाने कचेरीतून नवा नकाशा काढून आणला होता. त्यात बोळ नव्हता. मालकाने त्याच दिवशी बोळाच्या तोंडाशी विटा रचल्या.

"आठ दिवस झाले," धारवाला साहेबांना म्हणाला. "मी आडवा होऊन येतो-जातो. गाडा आडवा होत नाही."

साहेबांनी जुनी शीट मागवली, नवी पडद्यावर उघडली. जुन्या शीटवर बोळ होता, काळ्या शाईत, दोन सरळ रेघांमध्ये. नव्यावर एकच रेघ. खाली बाईंची सही.

"बाई, काय तपासलंत तुम्ही?" साहेबांनी विचारले.

"रेघकाकांची शीट होती," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी काकांकडे पाहिले. खिशात चिठ्ठी होती. ती काढायची आणि टेबलावर ठेवायची, इतकेच करायचे होते. काकांच्या डोळ्यांसमोर सात पायऱ्यांची शिडी आली, थोरल्या भावाचे हसणे आले. ते म्हणाले, "जुनी शीट घडीवर विरलीये, साहेब. रेघ पुसट दिसते. मला वाटलं, शंका आली तर बाई मोजणीशी ताडून बघतीलच." आणि बोलता बोलता त्यांचे बोट बाईंकडे गेले.

साहेब म्हणाले, "बाई, उद्या सकाळी लेखी खुलासा द्या. मग तपासणीच्या कामाचं काय ते बघू." बाईंनी मान हलवली. धारवाल्याने विचारले, "मग विटा?" तोवर साहेब दुसऱ्या फायलीकडे वळले होते.

काका त्या संध्याकाळी घरी आले ते उतरलेल्या चेहऱ्यानेच. काकूंनी चहा दिला नाही. त्या डब्याची पिशवी आत घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने दोन वस्तू आणून त्यांनी टेबलावर मांडल्या. एक मनगटाचा पट्टा. दुसरा डब्याच्या पिशवीतला रुमाल, जागोजागी धागे उपसलेला.

"महिनाभर रुमाल असा निघतोय," काकू म्हणाल्या. "मला वाटलं पिशवीत झुरळं झाली. आज पिशवी उलटी केली तर हा निघाला. याचं चिकटणारं तोंड रुमालाला धरून बसायचं."

मग मात्र काकांनी सगळे सांगितले. कप, शिडी, चिठ्ठी, नऊवरची ओढ, बोळ, आणि बाईंकडे गेलेले बोट. शेवटचे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. सांगून झाल्यावर काकू उठल्या आणि मशीनजवळची मोठी कात्री आणून त्यांनी ती काकांच्या हातात दिली. कात्रीच्या मुठीला कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळून जाड गादी केलेली होती.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारले.

"पहिल्यापासूनच ना?"

"अकरा वर्षं. सकाळी अंगठा सरळ व्हायचा नाही. कापड कापताना डोळ्यांत पाणी यायचं. मग मूठ जाड करून घेतली. दहा जोड कापले की हात सोडून बसायचं ठरवलं. जाड कापडाची कामं घेणं बंद केलं."

"मला कधी बोलली नाहीस?"

"बोलले होते," काकू म्हणाल्या. "इथेच बसला होतात. तुम्ही म्हणालात, कात्रीनं कुठे हात दुखतो का? आणि हसलात."

काकांना ते आठवले नाही. आठवले असते तर निदान माफी तरी मागता आली असती. ज्या हसण्याला भिऊन त्यांनी दोन महिने जीव मुठीत धरला होता, ते हसणे याच घरात, त्यांच्याच तोंडून होऊन गेले होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. रोज नजरेसमोर असलेल्या त्या चिंध्यांकडे त्यांनी अकरा वर्षांत एकदाही नीट पाहिले नव्हते. त्यांना इतकी लाज वाटली की कात्री हातातून खाली ठेवायचेही सुचेना.

"माझं जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "ती बाई उद्या काय लिहून देणार आहे?"

"एकतीस वर्षांत माझी रेघ चुकली नव्हती गं."

"रेघ तुमची. पण खाली सही तिची आहे, अहो."

सकाळी काका पट्टा बांधून बसमध्ये बसले. कचेरीचा थांबा आला, त्यांचा डावा हात सवयीने पट्ट्याकडे गेला आणि परत आला. साहेबांच्या खोलीत बाई खुलाशाचा कागद घेऊन उभ्याच होत्या. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. सदऱ्याबरोबर ती दोनदा धुतली गेली होती. घडीवर भोके पडली होती, पण अक्षर लागत होते. "बोळ माझ्यामुळे गेला," ते म्हणाले. "शीट पुसट नाही. हात दुखतो म्हणून मी ओढ नऊवर ठेवली होती. त्रेसष्ट शीट तशाच केल्यात."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. हसले नाहीत. "यावर दोन महिन्यांपूर्वीची तारीख आहे, काका."

"हो."

"तेव्हाच दिली असती तर त्याच आठवड्यात काम बदलून दिलं असतं. आणि मोठा माउस काय, समोरच्या दुकानात मिळतो."

काकांनी दोन महिने मनातल्या मनात ज्या फजितीची उजळणी केली होती, ती अशी दोन वाक्यांत आटोपली. ओरडा नाही, टिंगल नाही. ओरडा मिळाला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले.

बाई मात्र वळल्या. "हात दुखतो म्हणाला असतात तर तुमची प्रत्येक शीट मी दोनदा तपासली असती. कुरकुर न करता. काल त्या म्हाताऱ्यासमोर माझ्याकडे बोट दाखवलंत, काका. ते दाखवताना हात दुखला का?"

बाईंनी आपला कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, "आता याची गरज नाही." "आहे," बाई म्हणाल्या. "मी न बघता सही केली असं लिहिलंय. ते खरं आहे. ते राहू दे." बाईंची जागा राहिली, पण तो कागदही त्यांच्या फायलीत राहिला. काकांची नकाशे आखायची कामे सहा आठवडे बंद झाली आणि त्रेसष्ट शीट नव्याने तपासायचे ठरले. त्यातला पहिला बोळ धारवाल्याचा. दुपारी काका आणि बाई दोघेही तिथे मोजायला गेले. वाटेत बाई बसच्या खिडकीबाहेर बघत होत्या.

विटा तशाच होत्या. घरमालक हाताची घडी घालून दारात उभा होता. आत, बोळाच्या टोकाला, चाक लावलेला गाडा दिसत होता, वर पोते टाकून झाकलेला. धारवाला कडेकडेने अंग चोरत बाहेर आला. काकांनी टेपचे टोक त्याच्याकडे दिले आणि दुसरी बाजू स्वतः धरून ताणली. कळ आली. डबी हातातून सुटली आणि सळसळत धारवाल्याच्या पायाशी जाऊन पडली.

"टेप खराब झालीये" हे शब्द काकांच्या जिभेवर तयार होते. ते त्यांनी गिळले. "बाबा, माझ्या या हातात जोर नाही," ते धारवाल्याला म्हणाले. "माउस चालवून गेलाय. डबीची बाजू तुम्ही ताणून धरा, मी टोक धरतो."

"माउस चालवून?" घरमालक खो खो हसला. "ऐका! बसल्या बसल्या हात मोडला यांचा!"

हसणे आले आणि गेले. काका तिथेच उभे होते. त्यांनी डाव्या हाताने टेपचे टोक भिंतीच्या कोपऱ्याला टेकवले, धारवाल्याने टेप ताणली, आणि काकांनी पुढे वाकून आकडा वाचला, "चार फूट दोन इंच."

बाईंचे पेन वहीवर होते, पण त्यांनी लिहिले नाही. काल-परवापर्यंत काकांनी झोपेत आकडा सांगितला असता तरी तो लिहिला गेला असता. बाई पुढे आल्या, वही काखेत धरली, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि टेपवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. मगच लिहिला.

त्या दिवशी बोळात सात ठिकाणी टेप लावली. सातही वेळा काकांनी आकडा सांगितला आणि सातही वेळा बाई वाकल्या.